जुन्या मोटारीचें निदान

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा खटला चालला. फिर्यादी घरांतील सर्व वडील मंडळी. आरोपी दोन : एक आमची २७ वर्षांची जुनी मोटार, आणि दुसरी ती मोटार रोज चालविणारी आमची सूनबाई. न्यायाधीशाचें आसन अर्थातच आम्हीं बळकाविलें होतें. निकाल मात्र असा लागला कीं, न्यायाधीशालाच आसनावरून उतरून आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहावें लागलें. या प्रकरणांत जुन्या गाडीच्या क्लचविषयीं व गिअरविषयीं आम्ही जें कांहीं शिकलों, तें ज्यांच्या अंगणांत अशी एखादी वृद्ध गाडी उभी आहे त्या वाचकांच्या उपयोगीं पडेल, म्हणून या महिन्याचें पान त्यालाच देत आहों.

गाडी मारुति ८००. ही गाडी आपल्या देशांत १९८३ च्या डिसेंबरांत प्रथम रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारींत तिचें उत्पादन थांबलें. तीन सिलिंडरांचें, ७९६ घनसेंटिमीटरांचें इवलेंसें एंजिन. आणि त्याची शक्ति जाते पुढच्या चाकांना. आमच्या वडील बंधूंनीं ती १९९८ सालीं नवी घेतली. बंधु आतां नाहींत, गाडी आहे. दसऱ्याला वहिनी तिला झेंडूची माळ घालतात, ती केवळ वाहन म्हणून नव्हे. पंधरा वर्षें पुरीं झाल्यावर २०१३, २०१८ आणि २०२३ असें तीनदां तिच्या नोंदणीचें नूतनीकरण आम्हीं करून घेतलें. सूनबाई तिच्यांतून बँकेंत जातात, वहिनींना महिन्यांतून दोनदां इस्पितळांत न्यावें लागतें तें तिच्यांतूनच, आणि बाजाराच्या दिवशीं कळमन्याच्या यार्डांतून फळें, धान्य, मिरच्या आणण्याचें काम स्वतः आम्ही तिच्याकडून करून घेतों. अकरा माणसांच्या घरांत पेटीभर संत्रीं किती दिवस पुरतात हें एकत्र कुटुंबांतील वाचकांस निराळें सांगावयास नको.

या गाडीनें तीन तक्रारी दाखविल्या. पहिली गेल्या उन्हाळ्यांतली : उभ्या गाडींत पहिला गिअर अडे, आणि मागचा गिअर टाकतांना करकर आवाज येई. ती मध्यंतरीं आपोआप गेल्यासारखी वाटली. ती कशी गेली हें पुढें येईलच. दुसरी पावसाळ्यानंतरची : पुलाच्या चढावर एंजिन ओरडे, पण गाडी पुढें सरकेना, कधींकधीं जळका वासही येई. तिसरी बरीच जुनी : तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर घाईनें आलें कीं दांते खरखरत.

एका कारखान्यांत गाडी दाखविली. तेथील गृहस्थांनीं गाडी एक फेरी मारून आणली, हात पुसले आणि सांगितलें, "गिअरबॉक्स गेला." खर्चाचा जो आंकडा त्यांनीं सांगितला तो गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. घरीं बैठक बसली. पुतण्या म्हणाला, "काका, आतां भंगारांत देऊं या. रोजचें दुखणें कशाला?" वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, उठून अंगणांत गेल्या आणि पदरानें गाडीच्या कांचेवरची धूळ पुसूं लागल्या. मग गाडी अशी कां झाली याचा शोध सुरू झाला, आणि कोणीसें म्हणालें, "हल्लींच्या मुलींना हाफ क्लचवर गाडी चालविण्याची संवयच असते." हें वाक्य दुर्दैवानें आमचेंच होतें.

सूनबाईंनीं त्या वेळीं उत्तर दिलें नाहीं. रात्रीं जेवणें झाल्यावर त्यांनीं एक लहानशी वही आमच्यापुढें ठेविली. पेट्रोल किती भरलें, गाडी किती चालली, हें त्या तींत टिपून ठेवतात. "मामंजी, रागावूं नका," त्या म्हणाल्या, "पण ज्या दिवशीं वास आला त्या दिवसांपुढें मी खूण केली आहे. एकदां पाहाल कां?" पाहिलें. सात खुणा होत्या. सातही दिवस बाजाराचे होते. ज्या दिवशीं गाडी केवळ बँकेंत जाऊन आली, अशा एकाही दिवसापुढें खूण नव्हती.

आम्हीं आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकविलें, आणि जमेल तेव्हां थोडा तर्कही. एक असतां दुसरें असतें, तो अन्वय. एक नसतां दुसरें नसतें, तो व्यतिरेक. आणि दोन्ही जुळल्यावांचून कारण म्हणूं नये, हें फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल याची गणती नाहीं. येथें तर दोन्ही जुळत होते! आम्ही गाडी चालविली कीं वास. न चालविली कीं वास नाहीं. तरीही मनानें पळवाट शोधलीच. कळमन्याच्या रस्त्यावरची गर्दीच तशी, असें म्हणून आम्हीं वही परत केली. परंतु झोंप नीट लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं बाजाराच्या आसपास ट्रकांचीं कामें करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्र्याकडे गाडी घेऊन गेलों. त्यानें बॉनेटला हातही लाविला नाहीं. "चला गुरुजी, एक चक्कर मारूं," म्हणून तो आमच्या शेजारीं बसला. यार्डाच्या फाटकाशीं संत्र्यांच्या गाड्यांची, टेंपोंची, ट्रकांची नेहमीची रांग लागली होती. रांग हातभर सरकावी, आम्हींही हातभर सरकावें, असें चाललें असतां मिस्त्री खालीं पाहून म्हणाला, "गुरुजी, थो डावा पाय कावून ठेवून ऱ्हायले पेडलवर?"

पाय खरोखरच पेडलवर होता. थांबलों असतांही होता, चालत असतांही होता. तो तेथें आहे याची जाणीव आम्हांला त्या क्षणापर्यंत नव्हती.

आतां हा पाय काय करितो, हें समजण्यासाठीं क्लच म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. एंजिन सारखें फिरत असतें. चाकें कधीं थांबतात, कधीं चालतात. या दोघांना जोडणारा व वेळ आली कीं वेगळे करणारा मध्यस्थ तो क्लच. एंजिनाच्या टोंकाला फ्लायव्हील नांवाचें जड चाक असतें. त्याला टेंकून क्लचप्लेट असते. तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचें अस्तर. मागून प्रेशर प्लेट आपल्या स्प्रिंगच्या जोरानें तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते, म्हणून एंजिनाचें फिरणें गिअरबॉक्समध्यें पोंचतें. आपण पेडल दाबलें कीं केबल ओढली जाते, एक बेअरिंग त्या स्प्रिंगवर दाब देतें, आणि प्लेट मोकळी होते. पेडल दाबण्याच्या आरंभीं थोडी मोकळी चाल असते. तिच्यांत कांहींच घडत नाहीं. ही चाल निरुपयोगी वाटते, पण तीच क्लचचा विसांवा. आमच्या गाडींत गिअरबॉक्सच्या बाजूला केबलीच्या टोंकाशीं एक नट असतो, त्यानें ती कमीजास्त करितां येते.

यावरून क्लचचे मुख्य दोष दोनच निघतात, आणि ते एकमेकांच्या अगदीं उलट आहेत. एक, क्लच सोडीत नाहीं. दुसरा, क्लच धरीत नाहीं. केबल ताणली किंवा तिच्यांतील तारा तुटूं लागल्या कीं मोकळी चाल वाढते, पेडल तळापर्यंत दाबूनही प्लेट पुरती सुटत नाहीं, आणि उभ्या गाडींत गिअर अडतो. उलट मोकळी चाल उरलीच नाहीं, किंवा अस्तर झिजलें, तर प्लेट घसरते. एंजिन ओरडतें आणि गाडी रेंगाळते. दोहोंचा उपाय एक नव्हे. एकाचें औषध दुसऱ्याला दिलें तर दुखणें वाढतें. आणि आम्हीं नेमकें तेंच केलें होतें! उन्हाळ्यांत गिअर अडूं लागला तेव्हां कोणाला न विचारतां आम्हीं पाना घेऊन तो नट आवळला. गिअर सुरळीत पडूं लागले, म्हणून आणखी एक वेढा आवळला. आपण मोठे कारागीर झालों असें वाटून त्या दिवशीं आम्हीं घरांत दोन वेळां ती हकीकत सांगितली होती.

मिस्त्र्यानें पुढें ज्या परीक्षा केल्या त्या कोणाही गृहस्थाला घरच्या अंगणांत करितां येण्याजोग्या आहेत, म्हणून क्रमानें देतों.

पहिली परीक्षा एंजिन बंद ठेवून. बंद गाडींत क्लच दाबून सर्व गिअर एकामागून एक टाकून पाहावे. क्वचित् दांत्यावर दांता येऊन अडतें; तेव्हां गाडी जराशी ढकलून पुन्हां पाहावें. बंद गाडींतही गिअर जड पडत असतील तर दोष गिअरच्या दांडींत, तिच्या जोडण्यांत किंवा आंतल्या यंत्रांत. बंद गाडींत लोण्यासारखे पडतात आणि एंजिन सुरू होतांच अडतात, तर संशय क्लचवर घ्यावा. आमचे चारही गिअर व मागचा गिअर विनासायास पडले. "गिअरबॉक्स गेला" या निकालाला येथेंच पहिला तडा गेला.

दुसरी परीक्षा क्लच सोडतो कीं नाहीं याची. एंजिन सावकाश चालूं ठेवून पेडल तळापर्यंत दाबावें, दहा आंकडे मोजावे, आणि मग मागचा गिअर टाकावा. हा गिअर मुद्दाम निवडावयाचा, कारण पुढच्या गिअरांना वेग जुळवून देणारीं कडीं असतात. आमच्यासारख्या गाडींत मागच्याला तीं नसतात. दहा आंकड्यांत आंतील दांडा फिरावयाचा थांबला पाहिजे. तरीही करकर झाली तर प्लेट सुटत नाहीं असें समजावें. आमच्या गाडींत करकर झाली नाहीं, होणार कशी? नट वाजवीपेक्षां अधिक आवळलेला होता.

तिसरी परीक्षा क्लच धरतो कीं नाहीं याची. सपाट जागा पाहावी, पुढें-मागें कोणी मूलमाणूस नाहीं याची खातरी करावी, चाकांखालीं दगड लावावे, हातब्रेक घट्ट ओढावा. मग वरचा गिअर टाकून, एंजिनाला थोडा वेग देऊन, क्लच सोडावा. निरोगी क्लच एंजिनाला तात्काळ बंद पाडतो. आमचें एंजिन बंद न पडतां कुंथत चालतच राहिलें. ही परीक्षा एकदांच करावी. वारंवार केल्यास परीक्षेनेंच प्लेट जळते.

चौथी परीक्षा बोटांची. पेडल हातानें हळूच दाबून मोकळी चाल मोजावी. ती साधारणपणें दोन-अडीच सेंटिमीटर असते. नेमका आंकडा ज्या-त्या गाडीच्या पुस्तिकेंत असतो. आमच्या पेडलाला चाल मुळींच नव्हती. म्हणजे पाय नसतांही क्लच किंचित् दाबलेलाच राहात होता, आणि त्यावर आमच्या पायाचें वजन.

पांचवी परीक्षा कानांची. गाडी उभी, गिअर मोकळा, एंजिन चालू. पेडल दाबल्यावर गुणगुण सुरू होत असेल तर क्लचचें बेअरिंग थकलें आहे. उलट पेडल वर असतांना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या आंतील बेअरिंगाचा संशय घ्यावा. आमची गुणगुण पहिल्या जातीची निघाली.

राहिली दुसऱ्या गिअरची खरखर. मिस्त्र्यानें स्वतः गाडी हातीं घेतली. क्लच दाबून गिअर मोकळा केला, क्लच सोडून एंजिनाला हलकेंच वेग दिला, पुन्हां क्लच दाबून दुसरा गिअर टाकला. आवाज नाहीं! यालाच डबल क्लच म्हणतात. वेग जुळविणारीं कडीं अमेरिकेंत कॅडिलॅक मोटारींत १९२८ सालीं आलीं. त्यापूर्वीं चालकाला हें काम स्वतःच्या पायानें व कानानें करावें लागे. कडें झिजलें असतां जुनी रीत तें काम भागवून नेते. म्हणजे दुसऱ्या गिअरचें कडें म्हातारें झालें आहे एवढेंच खरें. म्हाताऱ्या माणसाला जिना चढतांना वेळ द्यावा, तसा त्या गिअरला द्यावा. तेवढ्यासाठीं सारा गिअरबॉक्स बदलण्याचें कारण नाहीं.

वैद्यशास्त्रांत निदान, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ति अशीं रोग जाणण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत. त्यांतील उपशय म्हणजे एखादा उपाय करून पाहून रोग ओळखणें. या मिस्त्र्यानें तो ग्रंथ पाहिला नसेल, पण रीत तीच पाळली. त्यानें प्रथम सर्वांत स्वस्त उपाय केला : नट सैल करून चाल ठीक केली आणि गाडी पुलाच्या चढावर नेली. घसरणें पुष्कळ कमी झालें, पण गेलें नाहीं. मग तो म्हणाला कीं आतां उघडल्याशिवाय गत्यंतर नाहीं. चाल नसणें हें कारण होतें. परंतु तेवढ्या महिन्यांत अस्तरही खाल्लें गेलें होतें. गाडी अगदीं पेडल वर आल्यावरच धरूं लागली होती, हें त्याचें पूर्वरूप आम्हीं कित्येक आठवडे पाहिलें आणि ओळखलें नाहीं.

क्लच उघडल्यावर सर्व कांहीं डोळ्यांना दिसलें. प्लेटचें अस्तर रिबिटांपर्यंत उतरलें होतें, आणि फ्लायव्हीलवर तापल्याचे निळसर डाग पडले होते. गिअरबॉक्सचें तेल मात्र स्वच्छ निघालें. त्यांत धातूचा कीस नव्हता. मिस्त्र्यानें फ्लायव्हील घासून साफ केलें. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि केबल एकदमच नवीं घातलीं, कारण या कामांत मोठी मजुरी गिअरबॉक्स उतरविण्याची, आणि ती वर्षांत दोनदां कोण देणार? एकूण खर्च त्या पहिल्या आंकड्याच्या चतुर्थांशांत भागला.

त्या कारखान्याला आम्ही दोष देत नाहीं. तीन वेगवेगळीं लक्षणें एका नांवाखालीं ढकलण्याची चूक त्यांनीं केली. आम्हीं तीच चूक एका माणसाच्या नांवाखालीं ढकलून केली. दोहोंत अधिक वाईट कोणती, हें वाचकांनींच ठरवावें. लोखंडाचें निदान चुकलें तर पैसे जातात. माणसाचें चुकलें तर ज्यानें कांहीं केलें नाहीं त्याला घरांत मान खालीं घालून वावरावें लागतें. आणि एकत्र कुटुंबांत हें फार सोपें असतें. घरांत जो सर्वांत नवा, जो उलट बोलणार नाहीं, त्याच्याकडे बोट आपोआप वळतें.

त्या संध्याकाळीं सर्व मंडळी जमलेलीं असतां आम्हीं हकीकत सांगितली, नट आवळल्याचीसुद्धां. मग सूनबाईंना म्हणालों, "चूक आमच्या पायाची होती, बोल तुम्हांला लागले. तें आम्ही परत घेतों." वयाच्या ६७ व्या वर्षीं हें वाक्य घशांतून बाहेर पडावयास वेळ लागला, हें लपवीत नाहीं. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, वही ठेवायला तुम्हींच शिकवलंत ना?" पुतण्या भंगाराविषयीं कांहीं बोलला नाहीं.

जुनी गाडी बाळगणाऱ्या वाचकांस एवढेंच सुचवितों. क्लच दाबण्यापुरताच पाय पेडलवर असावा. एरव्हीं तो खालीं, बाजूला असावा. रांगेंत थांबलें कीं गिअर मोकळा करावा आणि चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून न धरतां हातब्रेकवर धरावी. मोकळी चाल दर दोन-तीन महिन्यांनीं पाहावी, आणि ती वाढली तर केबल आधीं तपासावी, नट मागून. मोठा खर्च कोणी सांगितला तर बंद एंजिनाची परीक्षा केल्याशिवाय होकार देऊं नये. आणि गाडी दोघे-तिघे चालवीत असतील तर केव्हां काय झालें याची एक वही घरांत असूं द्यावी. मात्र ती उघडतांना आपलेंही नांव त्यांत निघूं शकेल, याची तयारी ठेवावी.

आंबिया बहाराचीं संत्रीं आतां यार्डांत येत आहेत. परवां आम्ही पुन्हां कळमन्याला गेलों. फाटकाशीं तीच रांग होती. शेजारीं सूनबाई बसल्या होत्या. त्या खालीं पाहात नव्हत्या, तरी आम्हीं पाय बाजूला घेतला.